प्रयोज्याची सही

फेब्रुवारी लागला की आमच्या प्रयोगशाळेत खाकी कागदाचा वास भरतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींची जर्नलं पुरी होत आलेली असतात. नवी कव्हरं घातलेली ती जर्नलं छातीशी धरून सगळे दारात उभे राहतात. "मॅडम, आज सही मिळेल ना?" कंपाउंडच्या पलीकडे हापूसची बाग आहे. तिथे मोहोरावर फवारणी चाललेली असते. औषधाचा उग्र वास आणि त्याखालून हळूच येणारा मोहोराचा वास, दोन्ही एकदम खिडकीतून आत येतात. पंख्याने पानं फडफडतात. मी एका हाताने पान दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने ‘तपासले’ लिहून खाली तारीख घालते.

दाराजवळच्या फलकावर एक कागद टाचलेला आहे. मीच टाचलाय. मानसशास्त्रातली बी.एस्सी. पदरात पडायला काय काय लागतं ते त्यात ओळीने लिहिलं आहे. हजेरी. संख्याशास्त्राचा पेपर. मेंदू आणि मज्जासंस्थेचा पेपर. प्रमाणित केलेलं जर्नल. त्यातला निदान एक प्रयोग वर्गाबाहेरच्या प्रौढ माणसावर केलेला हवा. आणि त्या माणसाचं सहीनिशी संमतीपत्र.

मुलं पहिल्या ओळीला घाबरतात, हजेरीच्या. मला शेवटच्या ओळीकडे बघवत नाही.

सही करण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "संमतीपत्र त्यांना वाचून दाखवलंस?"

"त्यांनी स्वतःच वाचलं, मॅडम."

"तुझ्यासमोर?"

"हो."

"मोठ्याने?"

मग पोरं एकमेकांकडे बघतात. मॅडम खडूस आहेत, असं त्यांचं मत आहे. ते खोडून काढावं असं मला कधी वाटलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी मी याच शहरात, दुसऱ्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव आत, संगमेश्वरच्या बाजूला. रोज येऊन-जाऊन करणं शक्य नव्हतं, म्हणून मी मामीकडे राहायचे. मामा मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तेवढाच. मामेभाऊ समीर आठवीत होता. त्याच्या शाळेसाठी मामीने रत्नागिरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सकाळी डबे करून ती काजूच्या कारखान्यात जायची, गर सोलायला आणि निवडायला. अख्खा गर एका टोपलीत, पाकळी दुसऱ्या, तुकडा तिसऱ्या. तिची बोटं टोकांना काळवंडलेली असायची. भात कालवून ती आधी आम्हाला वाढायची आणि म्हणायची, "बघू नको गो हाताकडे. धुतलेत चांगले."

मी सायन्सला आहे याचा तिला फार अभिमान होता. फक्त त्या सायन्समध्ये नेमकं काय असतं, ते तिला कळत नसे. बेडूक नाही, नळ्या नाहीत, वास येणारी औषधं नाहीत. आमच्या प्रयोगाचं सामान म्हणजे पुठ्ठ्याचे तक्ते, एक स्टॉपवॉच आणि समोर बसायला एक माणूस. या माणसाला मानसशास्त्रात प्रयोज्य म्हणतात. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. मी शब्द सांगितला तेव्हा मामी हसली होती. "प्रयोज्य? काय गो तो शब्द! औषधाच्या बाटलीवर असल्यासारका."

वर्गाबाहेरच्या माणसाच्या प्रयोगासाठी मी शेजारच्या एका शिक्षिकेला विचारून ठेवलं होतं. ऐनवेळी त्यांना गावी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं होतं आणि मी ओट्याशी उभी राहून चिडचिड करत होते. मामी कोळंबी सोलत होती.

"कसा माणूस लागतो तुला?"

"मोठा. आणि शिकलेला. निदान सातवी तरी पाहिजे, असं पुस्तकात दिलंय."

कोळंबीचा दोरा काढून तिने ताटलीच्या कडेला पुसला. मग म्हणाली, "मी चालन काय?"

"तुझं शिक्षण किती?"

"दहावी," मामी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मला काहीच खटकलं नाही. लग्न जमवताना सांगितलं होतंच तसं. मुलगी दहावी झालेली आहे, असं मी आईकडूनही ऐकलं होतं. मी टेबल ओढलं, तक्ते मांडले आणि जर्नलात लिहिलं: प्रयोज्याचे वय एकोणचाळीस, शिक्षण दहावी.

प्रयोग साधा होता. पहिल्या तक्त्यावर नुसते रंगांचे चौकोन. तांबडा, निळा, हिरवा, पिवळा, असे ओळीने सांगत जायचं. दुसऱ्या तक्त्यावर चौकोन नाहीत, रंगांची नावं. पण गोम अशी, की ‘तांबडा’ हा शब्द निळ्या शाईत आणि ‘हिरवा’ पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वाचता येणाऱ्या माणसाचा इथे हटकून घोळ होतो. आपण वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचून टाकतात. जीभ अडखळते, माणूस हसतो, पुन्हा सुरू करतो, वेळ वाढतो. आम्ही वर्गात एकमेकांवर करून पाहिलं होतं. एकही जण सुटला नव्हता.

"म्हणजे वाचायचं नाय?" मामीने दोनदा विचारलं.

"अजिबात नाही. फक्त रंग."

"मग जमल."

आणि तिने दुसरा तक्ता सरसर सांगून टाकला. एकदाही अडखळली नाही. कारखान्यात गर निवडतानाही तिची नजर अशीच फिरत असणार. दोन्ही तक्त्यांचा वेळ जवळजवळ सारखा आला. मी घड्याळ हलवून पाहिलं, पुन्हा करायला लावलं. तेच. तिचा चेहरा फुलला होता. काहीतरी सांगतही होती ती तेव्हा, पण मी आकडे मांडत होते.

मग तिने सही केली. संमतीपत्राच्या तळाला छापलेलं होतं: ‘मी वरील मजकूर वाचला असून तो मला समजला आहे.’ मामी सही करायला बसली की घरात सगळं थांबायचं. पेन घट्ट धरून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आणून ती आपलं नाव सावकाश काढायची. सु-नं-दा. काढायची हाच शब्द बरोबर आहे. तेव्हा तो मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं जर्नल उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. आमचे सर मृदू बोलायचे. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"हे आकडे मनाने लिहिलेत का?"

"नाही सर, शप्पथ."

"मग एकच शक्यता दिसते. यांना वाचता येत नसावं."

"सर, दहावी आहेत त्या."

"असं सांगितलं त्यांनी?" सरांनी जर्नल मिटलं. "बघा, खरंच वाचता येत नसेल तर तुमचा प्रयोग फसलेला नाही. उलट वर्गातल्या सगळ्या प्रयोगांना पुरावा मिळतो. वाचन येतं म्हणूनच घोळ होतो, हे याहून चांगलं कशाने दाखवणार? बाहेरचे परीक्षक खूश होतील. पण आधी खात्री करा. त्यांना नीट सांगून, विचारून. नोंद बदललीत तर पानावर त्यांची नव्याने सही लागेल. आणि दुखवू नका त्यांना."

यातलं ‘परीक्षक खूश होतील’ एवढंच मी घरी घेऊन आले.

खात्री कशी केली, ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. शनिवारी मामीला सुट्टी असायची. मी सकाळी लवकर उठून निघाले आणि ओट्यावर, तांदळाच्या डब्याखाली, एक चिठ्ठी ठेवली. मोठ्या ठळक अक्षरांत. ‘मामी, मी दुपारी जेवायला नाही. मैत्रिणीकडे जाते. माझी वाट बघू नकोस.’

अडीच वाजता परत आले. उन्हाने अंगणातला चिरा तापला होता. दार उघडं होतं. मामी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती आणि स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली होती. बांगड्याचं तिखलं होतं, मला आवडतं म्हणून. तिने स्वतः घास खाल्ला नव्हता. चिठ्ठी तिच्या हातात होती, चार घड्या घातलेली.

"कुटं होतीस गो बाय? जीव टांगणीला लागला माजा. ह्या कागदात काय तरी लिवलंयस, पण चष्मा कुटं गेला तो गावत नाय. समीर पण मॅचला गेलाय. शेजारी विचारायला जाणार होते..."

शेजारी ती गेली नव्हती. का गेली नव्हती, ते मला त्या क्षणी समजलं. चष्मा खिडकीत होता, तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर. तो मामाचा जुना चष्मा होता. तिला कुठलाच नंबर नव्हता.

मी जेवून आले होते. तरी पुन्हा जेवायला बसले. ती मला काटे काढून माशाचे तुकडे देत राहिली, आणि मला आनंद झाला होता. हे मला लिहायला हवं. त्या वेळी मला दया नाही आली, वाईट नाही वाटलं. सरांचं बरोबर निघालं, माझा प्रयोग वर्गात पहिला येणार, हाच तो आनंद. तिखल्याच्या घासाबरोबर तो मी गिळत होते.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. ‘जरा वाच गो, डोळ्यांत कचरा गेलाय.’ ‘ह्या मेसेजला काय उत्तर द्यायचं तूच दे, मला टाइप करायला येळ लागतो.’ एसटी स्टँडवर ती बोर्ड न बघता कंडक्टरला विचारायची. मला वाटायचं तिला बोलायची हौस आहे. औषधाच्या गोळ्या ती पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. आकडे तिला येत होते, हिशोब तोंडी व्हायचा, सही होती. बाकीचं सगळं तिने नजरेने, कानाने आणि माणसांना कामाला लावून निभावलं होतं. मी तीन वर्षं तिच्या घरात राहून मनाचा अभ्यास करत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. एका पुठ्ठ्याच्या तक्त्याने दाखवलं.

रविवारी जर्नलाचं ते पान मी नव्याने लिहून काढलं. शिक्षण: निरक्षर. खाली संमतीचा तोच छापील मजकूर चिकटवला. आणि मामीसमोर धरलं.

"परत सही?" ती म्हणाली.

"पहिल्या पानावर शाई सांडली."

तिने पेन घेतलं. मग थांबली. "वर काय लिवलंयस?"

आजही मला तो प्रश्न त्याच आवाजात ऐकू येतो. साधा प्रश्न होता. कुठल्याही प्रयोज्याला तो विचारायचा हक्क आहे, तसं आमच्या पुस्तकातच दिलं होतं. त्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हीच त्या कागदाची सगळी किंमत होती. मी बोट त्या ओळीवर ठेवलं. ‘निरक्षर’ या शब्दावर बोट ठेवून मी वाचलं, "शिक्षण, दहावी."

तिने मान डोलावली आणि खाली तिचं नाव काढलं. सु-नं-दा. नेहमीपेक्षा सुबक आलं. "चांगली आली ना?" तिने विचारलं.

मी चांगली आली म्हटलं.

अंतर्निरीक्षण नावाचा एक भाग जर्नलात असतो. प्रयोग करताना प्रयोज्याला काय वाटलं, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आमच्यातलं कोणीच ते विचारून लिहीत नसे, मार्गदर्शिकेतून उतरवायचो. मीही उतरवलं. ‘प्रयोग करताना मला मजा आली. सूचना मला स्पष्टपणे समजल्या.’

परीक्षा उत्तम झाली. बाहेरच्या परीक्षक बाईंनी माझं पान दोनदा वाचलं, आकृतीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खेड्यापाड्यांतल्या मुलींनी असं काम करायला पाहिजे. घरात प्रयोगशाळा असते, आपण बघत नाही." सरांनी विचारलं, "त्यांना सांगितलंत ना सगळं?" मी हो म्हटलं. दोन दिवसांत मी किती सराईत झाले होते.

इथे थांबले असते तर गोष्ट एका पानापुरती राहिली असती. पण त्याच संध्याकाळी मी आईला फोन केला. गुण मिळणार, परीक्षकांनी कौतुक केलं, हे सांगता सांगता मी म्हणाले, "आणि आई, तुला एक गंमत सांगू? मामीला वाचताच येत नाही! जर्नलात तसं लिहून खाली तिची सहीसुद्धा घेतली!" गंमत. हाच शब्द होता माझा. पलीकडे आईचा आवाज एकदम ताजा झाला. "काय सांगतेस? आणि लग्नात तर दहावी म्हणून सांगितलंनी होती!"

आई मामाची मोठी बहीण. मामीची नणंद. त्या दोघींचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. हे मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी ते तिच्या हातात दिलं.

शिमग्याला सगळे मामाच्या गावी जमलो. गावात ढोल वाजत होते, देवीची पालखी वाडीवाडीने फिरत होती. अंगणात सारवण ओलं होतं आणि आत पुरण शिजत होतं. मामी चुलीपाशी बसून लालबुंद झाली होती. मामा मुंबईहून आला की ती जरा वेगळीच दिसायची. केसांत अबोलीची वेणी होती. दुपारी सगळे पडवीत बसलो असताना आईच्या मोबाइलवर गावाच्या ग्रुपचा लांबलचक मेसेज आला. पालखी कधी कुठल्या वाडीत येणार, त्याचं वेळापत्रक. मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. आईने मोबाइल तिच्यापुढे धरला.

"सुनंदा, वाच गो जरा मोठ्यान. आपल्याकडे कधी येतेय पालखी ती सगळ्यांना कळूदे."

मामीने मोबाइल घेतला. तांब्या खाली ठेवला. "वन्सं, चष्मा..."

मामा उठून दोन ढांगांत पुढे आला आणि तिच्या हातातून मोबाइल घेतला. "आण, मी वाचतो." त्याचं ते उठणं, हात पुढे करणं इतकं सवयीचं होतं, की मला कळलं: याला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. वीस वर्षं तो असाच, काही न बोलता, तिच्या हातातून कागद घेत आलाय. त्या दोघांचं ते आपसांतलं होतं. मुंबईच्या एका खोलीत सहाजणांबरोबर राहणाऱ्या माणसाने आपल्या बायकोसाठी जपलेली एवढी एक गोष्ट.

"तू कशाला रे?" आई म्हणाली. "तिला वाचूदे ना. दहावी झालेय ती." आणि मग हसून, सगळ्यांकडे बघून, "येत असलं तर वाचील. माजी पोर सांगते, कॉलेजात कागद भरून दिलाय, सुनंदाला अक्षर येत नाय म्हणून. खाली सहीसुद्धा केलेय हिनं!"

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "काय सांगता?" समीर खांबाला धरून उभा होता, तो मान खाली घालून अंगणात उतरला आणि चालू लागला. मामाने मोबाइल आईच्या मांडीवर ठेवला. "ताई, झालं तुझं?" एवढंच तो म्हणाला, पण त्यानंतर दोन वर्षं आईशी बोलला नाही.

मामीने आईकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एखाद्या ओळखीच्या वाटेवर पूल मोडलेला दिसावा आणि माणूस नुसता उभा राहावा, तसं. मग तिने तांब्या उचलला, सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं आणि आत गेली. त्या दिवशी तिने चाळीस पोळ्या केल्या. एकही फुटली नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. समीर मागच्या सीटवर. काजूच्या बागा, जांभा दगडाचे उघडे सडे, वळणं. दीड तासाचा रस्ता. रत्नागिरी दिसायला लागली तेव्हा बाहेर बघतच म्हणाली, "घरी गेल्यावर ती वही दाखव मला."

मी जर्नल काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते माझ्याकडे परत सरकवलं. "वाच. सगळं वाच. बोट ठेवून वाच."

मी वाचलं. उद्दिष्ट, साहित्य, सूचना. प्रयोज्याचे वय एकोणचाळीस. माझं बोट पुढच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"वाच गो."

"शिक्षण, निरक्षर."

"बरं. पुढं."

पुढचं वाचलं. आकडे, आलेख, निष्कर्ष. प्रत्येक ओळीला ती मान हलवत होती, शाळेतल्या बाई धडा ऐकतात तशी. मग अंतर्निरीक्षण आलं. ‘प्रयोग करताना मला मजा आली. सूचना मला स्पष्टपणे समजल्या.’

"हे कोण म्हणतं?"

"तू. म्हणजे... तुझ्या नावाने लिहायचं असतं."

"असं मी कदी म्हटलं?"

"नाही म्हटलंस."

"मग मी काय म्हटलं होतं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. ती खुर्चीत बसलेली आठवली, फुललेला चेहरा आठवला, हलणारे ओठ आठवले. ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ सांगत होती. स्टॉपवॉचवरचा आकडा मला दशांशापर्यंत पाठ होता. तिचा एक शब्दही आठवत नव्हता.

"आठवत नाही, मामी."

"मला आठवतंय," ती म्हणाली. पण सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हाही नाही, रडले तेव्हाही नाही. "जेवण गरम करते," म्हणून उठली.

चार दिवसांनी मी तिला म्हणाले, मी तुला शिकवते. रोज अर्धा तास. तीन महिन्यांत वाचायला लागशील. मला वाटत होतं, मी काहीतरी मोठं देऊ करते आहे. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकायचं तर दुसऱ्या कुणाकडनं शिकीन. तू नको."

त्या घरात मी आणखी तीन महिने राहिले, निकाल लागेपर्यंत. डबा रोज मिळाला, गरम मिळाला. आजारी पडले तेव्हा तिने कपाळावर पट्ट्या ठेवल्या. फक्त मला वाचायला सांगणं तिने बंद केलं. शाळेची सूचना आली की ती समीरची वाट बघायची. मी समोर बसलेली असायचे, तरीही.

माझी पदवी झाली, पुढचं शिक्षण झालं, नोकरी लागली. त्या जर्नलातल्या गुणांचा यात किती वाटा, कोण जाणे. सर निवृत्त झाले. त्यांना खरं सांगायला म्हणून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तब्येतीची चौकशी करून परत आले. आईला तो प्रसंग आता आठवतच नाही. "मी कुठं काय बोलले?" असं ती खरोखरीच म्हणते. मी तिच्यावर चिडते आणि मग गप्प बसते. तिच्या हातात ते दिलं कोणी, हा प्रश्न तिने कधी विचारलेला नाही. मी तिच्या जागी असते तर विचारला असता.

वर्गात मी संमतीवर तासभर बोलते. चांगलं बोलते, असं मुलं म्हणतात. उदाहरण मात्र पुस्तकातलं देते.

मामी अजून त्याच खोल्यांत राहते. समीर इथेच नोकरीला लागला, मामा कँटीन सोडून घरी आला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. ती चहा करते, माझ्या जेवणाखाण्याची चौकशी करते, कोकमं बांधून देते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

गेल्या रविवारी गेले होते. जर्नलं तपासून मान धरली होती, म्हटलं जरा जाऊन बसावं. मामा बाजारात गेला होता. आम्ही दोघी बोलत होतो, तेवढ्यात शेजारच्या वाडीतलं कोणीतरी लग्नाची पत्रिका देऊन गेलं. अक्षता लावलेली, गुलाबी, तीन पानी पत्रिका. मामीने ती दोन्ही हातांनी घेतली, वरचा गणपती बघून नमस्कार केला आणि फळीवर ठेवली.

"कधीचं आहे लग्न?" माझ्या तोंडून गेलं.

"समीर येईल संध्याकाळी. तो बघल," ती म्हणाली.

मी बसून राहिले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. माठातून पाणी घेतलं, प्यायले, पेला विसळला. बाहेर यायला वळले आणि दारातच थांबले.

मामी खिडकीशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. पत्रिका तिने उजेडाला धरली होती. काळवंडलेल्या टोकाचं एक बोट सावकाश सरकत होतं, थांबत होतं, परत मागे जाऊन तिथूनच पुन्हा सरकत होतं. ओठ हलत होते. आवाज अगदी दबका, श्वासाएवढा. "चि... चिरं... चिरं-जी-व..."

कोणाकडून शिकली, कधीपासून शिकते आहे, मला माहीत नाही. कोणी मला सांगितलं नव्हतं. पूर्वी येत नव्हतं ते तिने माझ्यापासून लपवलं होतं. आता येतंय, तेही ती लपवत होती.

मी एक पाऊल मागे घेतलं. भिंतीला टेकून, श्वास रोखून स्वयंपाकघरात उभी राहिले. ती तीन पानं वाचायला तिला फार वेळ लागला. मी हललेसुद्धा नाही. शेवटी फळीवर कागद ठेवल्याचा आवाज आला, मग थोडं थांबून तिची हाक.

"पाणी गावलं काय गो?"

"हो, मामी," मी म्हणाले. "गावलं."